केर्नावे: नेरिसकाठचं गाव आणि त्याच्या पायाशी पुरलेलं शहर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लिथुएनियाला जाणारी मराठी मंडळी बहुतेक वेळा विल्नियसचं जुनं शहर आणि त्राकाईचा तळ्यातला किल्ला पाहून परततात. त्याच वाटेवर, थोडं बाजूला, केर्नावे नावाचं एक इवलंसं गाव आहे. त्याच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. गाव लहान असलं, तरी त्याच्या पायाखाली दहा हजार वर्षं आहेत.

केर्नावे नेमकं कुठे आहे?

लिथुएनियाच्या पूर्व भागात, राजधानी विल्नियसच्या वायव्येला सुमारे ३५ किलोमीटरवर. गाव नेरिस नदीच्या उजव्या काठावर आहे. कारभाराच्या दृष्टीने ते शिरविंतोस या तालुकावजा विभागात मोडतं.

नेरिस कुठून येते, कुठे जाते?

तिचा उगम शेजारच्या बेलारूसमध्ये. तिथे तिला विलिया म्हणतात. एकूण लांबी सुमारे ५१० किलोमीटर. ती विल्नियस शहराच्या मधून वाहते, मग केर्नावेच्या पायथ्याशी रुंद वळण घेते आणि पुढे काउनासला नेमुनास या मोठ्या नदीला मिळते. नेमुनास ते पाणी बाल्टिक समुद्राकडे नेते. थोडक्यात, विल्नियसच्या पुलाखालून गेलेलं पाणीच पुढे केर्नावेला पोचतं. रस्ते नव्हते तेव्हा हाच खरा रस्ता होता. उन्हाळ्यात होडीचा, आणि कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या बर्फावरून घसरगाडीचा.

हे गाव आहे की शहर?

लिथुएनियन भाषेत त्याला 'मिएस्तेलिस' म्हणतात, म्हणजे गावापेक्षा वरचं, शहरापेक्षा खालचं. आपल्याकडच्या 'कसबा' या शब्दाच्या जवळपास. पण वस्ती तीनशेच्याही आत आहे, त्यामुळे मराठी माणसाच्या डोळ्यांना ते गावच दिसेल: एक मोठं विटांचं चर्च, लाकडी घरं, अंगणातली सफरचंदाची झाडं, एक संग्रहालय. आणि घरांची ओळ संपली की जमीन एकदम खाली उतरते, समोर पाच हिरव्या टेकड्या आणि त्यांच्यापलीकडे नदी.

त्या टेकड्या नैसर्गिक आहेत की माणसांनी रचलेल्या?

दोन्ही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर समजलं की केर्नावेचा भूगोलच समजतो.

हिमयुगाच्या शेवटी हिमनद्या उत्तरेकडे मागे सरल्या. वितळलेल्या पाण्याने आजच्या नेरिसचं खोरं कोरलं. नदी जसजशी खोल जात गेली तसतसे तिच्या काठाशी पायऱ्यांसारखे टप्पे तयार झाले. आजचं गाव वरच्या टप्प्यावर आहे, नदीलगतचं सपाट कुरण खालच्या टप्प्यावर. या दोन टप्प्यांमधली कड लहान ओढ्यांनी आणि घळींनी कापत नेली, आणि कडेचे काही तुकडे सुटे होऊन टेकड्यांसारखे उभे राहिले.

तीन बाजूंनी उतार, खाली नदी, समोर दूरवर नजर जाते, अशी जागा माणूस सोडेल कसा? त्याने टेकड्यांचे माथे सपाट केले, कडेने मातीचे बांध घातले, उतार आणखी उभे तासले, माथ्यावर लाकडी तटबंदी उभारली. अशा टेकडीला तिकडे 'पिल्याकाल्निस' म्हणतात: 'पिलिस' म्हणजे किल्ला, 'काल्नास' म्हणजे डोंगर. मराठीत मला 'गढी' हाच शब्द जवळचा वाटतो, कारण इथेही सगळा खेळ मातीचा आणि लाकडाचा आहे, दगडाचा नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेला माणूस इथे बुरूज शोधतो आणि त्याला फक्त गवत दिसतं.

आपल्याकडच्या इनामगाव किंवा दायमाबादसारख्या पांढरीच्या टेकाडांशी मात्र यांची गल्लत करू नये. पांढर ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीच्या थरांनी चढत गेलेली असते. केर्नावेची टेकडी मुळात निसर्गाची, माणसाने तिला फक्त घडवलं.

पाच टेकड्यांची नावं काय?

आउकुरो काल्नास म्हणजे वेदीचा डोंगर, मिंदाउगास राजाचं सिंहासन, लिझ्देइकाची टेकडी, किल्ल्याची टेकडी आणि जरा बाजूला असलेली क्रिवेइकिश्किस. पहिल्या चार टेकड्या एकमेकींना खेटून आहेत. पाच गढ्या मिळून एकच संरक्षणव्यवस्था, असं उदाहरण बाल्टिक प्रदेशात दुर्मीळ आहे.

नावं मात्र जपून घ्यावीत. वेदीच्या डोंगरावर पवित्र अग्नी पेटता ठेवला जाई, ही समजूत पुढच्या काळातल्या रम्य कल्पनेतून आली आहे. तेराव्या शतकात तिथे राजाचं लाकडी निवासस्थान होतं, असं उत्खननातून दिसतं. लिझ्देइका हा दंतकथेतला मुख्य पुरोहित. गेदिमिनास राजाला लोखंडी लांडगा ओरडतोय असं स्वप्न पडलं आणि लिझ्देइकाने त्याचा अर्थ 'इथे मोठं शहर वसव' असा लावला, अशी विल्नियसची स्थापनाकथा आहे. तो लहानपणी गरुडाच्या घरट्यात सापडला म्हणून त्याचं नाव असं पडलं, असंही सांगतात, कारण लिथुएनियनमध्ये 'लिझ्दास' म्हणजे घरटं. हा शब्द आणि संस्कृतातला 'नीड' हे मुळात एकच. मराठी कवितेत अजून जिवंत असलेला शब्द असा एका बाल्टिक टेकडीच्या नावात लपलेला पाहिला की अंगावर काटा येतो.

लिथुएनियन खरंच संस्कृतसारखी आहे का?

'सारखी' म्हणणं अतिशयोक्ती होईल. लिथुएनियन माणसाला संस्कृत कळत नाही आणि आपल्याला लिथुएनियन कळत नाही. पण दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत, आणि आज बोलल्या जाणाऱ्या भाषांपैकी लिथुएनियनने जुनी रूपं विलक्षण जपली आहेत. सूनुस् म्हणजे मुलगा, तिकडे 'सूनुस'. धूम म्हणजे धूर, तिकडे 'दूमाइ'. अग्नी, तिकडे 'उग्निस'. दंत, तिकडे 'दांतिस'. देव, तिकडे 'दिएवास'. वीर, तिकडे 'वीरास', अर्थ साधा पुरुष.

तिकडे एक म्हण आहे: 'दिएवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. आपण म्हणतो, 'ज्याने चोच दिली तो चाराही देईल.' नातं उसनवारीतलं नाही, मूळचं आहे, हे लक्षात ठेवावं. भारतातून कोणी तिकडे गेलं किंवा तिकडून कोणी इकडे आलं, असे निष्कर्ष त्यावरून काढू नयेत.

वस्ती किती जुनी आहे?

पुराश्मयुगाच्या अखेरीपासूनची. हिमनद्या मागे हटल्यावर शिकारीच्या मागे फिरणारी माणसं नदीकाठी तळ ठोकू लागली, त्यांच्या गारगोटीच्या हत्यारांच्या खुणा इथे मिळतात. तिथून मध्ययुगापर्यंत, साधारण दहा हजार वर्षं, माणूस या खोऱ्यात राहत आला आहे. गढ्यांची तटबंदी ही त्या मानाने अलीकडची, लोहयुगातली गोष्ट. नदीत मासे, कुरणात गुरांना चारा, वर पिकाऊ जमीन आणि भोवती जंगल, हे सगळं एका हाकेच्या अंतरात असल्यावर जागा सोडण्याचं कारणच नव्हतं.

लिखित इतिहासात केर्नावे पहिल्यांदा कधी येतं?

१२७९ मध्ये, आणि तेही शत्रूच्या लेखणीतून. आजच्या लाटव्हियात तेव्हा लिव्होनियन ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांची सत्ता होती. युरोपातल्या या शेवटच्या मूर्तिपूजक प्रदेशाला ख्रिस्ती करायचं, हा त्यांचा जाहीर हेतू. त्यांची फौज थेट केर्नावेपर्यंत, त्राइदेनिस राजाच्या मुलखात, शिरली आणि लूट घेऊन परत फिरली. परतीच्या वाटेवर आइझक्राउक्लेजवळ, ५ मार्च १२७९ रोजी, लिथुएनियनांनी तिला गाठलं. ऑर्डरचा प्रमुख एर्न्स्ट आणि ७१ सरदार मारले गेले.

या तारखेत भूगोल दडला आहे. मोहीम ऐन हिवाळ्यात का? कारण हा मुलूख दलदली, नद्या आणि घनदाट जंगलांचा. उन्हाळ्यात चिलखती घोडेस्वार इथे रुतून बसत. नद्या आणि दलदली गोठल्या की त्यांचेच रस्ते होत. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत, कारण पाऊस संपलेला असे. तिकडे बर्फ घट्ट व्हायची वाट पाहत.

केर्नावे लिथुएनियाची पहिली राजधानी होती का?

पर्यटकांच्या फलकांवर तसं लिहिलेलं असतं. मी इतकं ठामपणे म्हणणार नाही. तेराव्या शतकातले राजे एका जागी बसून राज्य करत नसत. दरबार आपल्या वेगवेगळ्या गढ्यांवरून फिरत असे. मिंदाउगासने १२५१ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १२५३ मध्ये तो लिथुएनियाचा पहिला आणि एकमेव अभिषिक्त राजा झाला, पण त्याचा राज्याभिषेक कुठे झाला हे इतिहासाला ठाऊक नाही. त्यामुळे 'मिंदाउगासचं सिंहासन' या टेकडीचं नाव हा पुरावा मानता येत नाही.

त्राइदेनिसच्या बाबतीत मात्र आधार भक्कम आहे. तो साधारण १२७० ते १२८२ या काळात राज्यावर होता आणि केर्नावे हे त्याच्या सत्तेचं प्रमुख ठाणं होतं. पुढे १३२३ मध्ये गेदिमिनासने विल्नियसहून युरोपभर पत्रं पाठवली, व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना आपल्याकडे यायचं निमंत्रण दिलं. तोवर सत्तेचं केंद्र नदीच्या वरच्या अंगाला सरकलेलं होतं. केर्नावे त्यानंतरही भरभराटीचं कारागिरांचं आणि व्यापाऱ्यांचं गाव राहिलं.

मग ते शहर गेलं कुठे?

जळालं. १३६५ मध्ये ट्युटॉनिक ऑर्डरच्या (जर्मन धर्मयोद्ध्यांची मुख्य संघटना; लिव्होनियन ऑर्डर ही तिचीच शाखा) स्वारीत एकदा, आणि १३९० मध्ये कायमचं.

१३९० ची हकिगत मला फार अस्वस्थ करते, कारण तोवर लिथुएनिया अधिकृतपणे ख्रिस्ती होऊन तीन वर्षं झाली होती. लिथुएनियाचा राज्यकर्ता योगाइला पोलंडचा राजा झाला होता आणि १३८७ मध्ये त्याने देशाला बाप्तिस्मा दिला होता. धर्मयुद्धाचं कारणच उरलं नव्हतं. पण योगाइला आणि त्याचा चुलतभाऊ विताउतास यांच्यात भाऊबंदकी पेटली, विताउतासने ऑर्डरशी हातमिळवणी केली, आणि फौजा पुन्हा नेरिसच्या खोऱ्यात उतरल्या. विल्नियसला वेढा पडला. त्या मोहिमेत पुढे इंग्लंडचा राजा झालेला चौथा हेन्रीसुद्धा तरुण सरदार म्हणून आला होता. केर्नावेच्या लाकडी गढ्या आणि खालची वस्ती या धुमाळीत राख झाली.

पुढे विताउतास लिथुएनियाचा सर्वांत मोठा राज्यकर्ता ठरला. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत त्याने आणि योगाइलाने मिळून त्याच ऑर्डरचं कंबरडं मोडलं. केर्नावेच्या गढ्या मात्र पुन्हा कोणी बांधल्या नाहीत.

लोक निघून गेले का?

सगळे नाही. ते वर चढले. खालच्या कुरणातली वस्ती सुटली आणि वरच्या टप्प्यावर, आज जिथे गाव आहे तिथे, नवी वस्ती उभी राहिली. तेव्हापासून केर्नावे म्हणजे शेतकऱ्यांचं आणि चर्चचं लहान गाव. परंपरेनुसार इथलं पहिलं चर्च विताउतासने १४२० च्या सुमारास बांधलं.

खालचं शहर इतकं चांगलं टिकलं कसं?

माझ्या मते केर्नावेची खरी गोष्ट इथे आहे.

टेकड्या आणि नदी यांच्यामधल्या सपाटीला पायाउताचं खोरं म्हणतात. मध्ययुगीन शहर तिथे होतं: लाकडी घरं, कुंपणं, कारागिरांच्या पडव्या, ओंडके टाकून बांधलेला रस्ता. ते जळालं आणि रिकामं पडलं. मग उतारावरून पावसाबरोबर माती खाली येत राहिली, नदी पुराच्या वेळी गाळ आणून टाकत राहिली, ओलसर जमिनीवर दलदलीचा थर चढत गेला. शहर हळूहळू झाकलं गेलं.

ओल्या, चिकट मातीत हवा पोचत नाही. हवा नसली की लाकूड, कातडं, हाड कुजवणारे जीव जगत नाहीत. म्हणून जे जगभर पहिल्यांदा नष्ट होतं तेच इथे उरलं. आपल्या दख्खनच्या कोरड्या-ओल्या हवामानात उत्खननातून खापर, दगड, मणी मिळतात. चौदाव्या शतकातला चामड्याचा जोडा मिळणं जवळपास अशक्य. इथे तसल्या वस्तू निघतात. त्या सोन्याच्या मुकुटापेक्षा मोलाच्या आहेत, कारण त्या साध्या माणसांच्या आहेत.

आणखी एक कारण म्हणजे त्या जागेवर पुन्हा शहर बांधलं गेलं नाही. विल्नियसमध्ये मध्ययुगाच्या डोक्यावर नंतरची सहा-सात शतकं बसली आहेत. एक तळघर खणलं की खालचे चार थर मोडतात. केर्नावेत वर फक्त कुरण होतं, गुरं चरत होती. लिथुएनियात याला आपलं ट्रॉय (मातीखाली गाडलं गेलेलं प्रसिद्ध प्राचीन शहर) म्हणतात ते यासाठी.

उत्खनन कोणी केलं?

एकोणिसाव्या शतकात हौशी अभ्यासकांचं लक्ष इकडे वळलं. १८५७ मध्ये कॉन्स्तांती तिश्किएविच या सरदार घराण्यातल्या अभ्यासकाने होड्या घेऊन नेरिसच्या उगमाकडून संगमापर्यंत प्रवास केला आणि काठावरच्या गढ्या, गावं, गाणी टिपून ठेवली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विल्नियस पोलंडच्या ताब्यात होतं, केर्नावे लिथुएनियाच्या बाजूला राहिलं. त्या दिवसांत गावच्याच पाद्रीबुवांनी सापडलेल्या वस्तू गोळा करून एक छोटं संग्रहालय मांडलं.

शास्त्रशुद्ध खोदकाम १९७९ मध्ये सुरू झालं. आलेक्सिएयुस लुख्तानास आणि गिंताउतास वेलियस या पुरातत्त्वज्ञांची नावं या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. क्रिवेइकिश्किसजवळच्या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या दफनभूमीत स्त्रियांच्या कपाळावरचे धातूचे पट्टे, अंगठ्या, माळा मिळाल्या. राजेलोकांना चितेवर दहन करत (अल्गिर्दास राजाचं १३७७ मध्ये दहन झालं, तेही घोड्यांसह) आणि त्याच काळात त्याच मुलखात सामान्य माणसं दागिन्यांसकट पुरली जात होती. 'मूर्तिपूजक लिथुएनिया' हे दोन शब्द किती अपुरे आहेत हे तिथे कळतं. क्षेत्राचा फार मोठा भाग अजून खणलेला नाही, आणि ते मुद्दामच.

पायाउता कोण होती?

दंतकथेतली राजकन्या. सोळाव्या शतकातल्या इतिवृत्तांनी लिथुएनियन राजघराण्याचा वंश थेट रोमपर्यंत नेला. रोममधून पालेमोन नावाचा सरदार आला, त्याच्या वंशातल्या केर्नियसने केर्नावे वसवलं आणि पायाउता ही त्याची मुलगी, अशी ती कथा. इतिहास म्हणून तिला आधार नाही. गावाचं नाव बहुधा इथल्या केर्नावे नावाच्या ओढ्यावरून आलं असावं, कारण पाण्यावरून गावाचं नाव पडणं तिकडे नेहमीचं. तरी नदीकाठच्या त्या कुरणाला एका मुलीचं नाव राहिलं, हे मला आवडतं.

गावात आज धर्म कोणता? जुन्या देवांचं काय झालं?

गाव कॅथलिक आहे. लाल विटांचं निओगॉथिक (मध्ययुगीन गॉथिक शैलीच्या धर्तीवरचं) चर्च १९१० ते १९२० या काळात बांधलं गेलं. जुलैच्या मध्यात स्कॅप्युलरच्या (भाविक गळ्यात घालतात त्या पवित्र कापडी पट्टीच्या) मेरीमातेचा उत्सव असतो, तेव्हा दूरदूरचे भाविक येतात. जत्रा म्हटलं तरी चालेल.

पण २३ जूनच्या रात्री गाव वेगळंच होतं. वर्षातल्या सर्वांत छोट्या रात्रींपैकी ही एक. ख्रिस्ती नाव योनिनेस, म्हणजे संत जॉनचा सण, आणि जुनं नाव रासोस. 'रासा' म्हणजे दव, आणि हा शब्द आपल्या 'रसा'चा सख्खा नातेवाईक. माणसं गवताफुलांच्या मुंडावळ्यांसारख्या माळा डोक्यावर घालतात, टेकड्यांवर शेकोट्या पेटवतात, माळा पाण्यात सोडतात, नेच्याचं फूल शोधायला जंगलात जातात (नेच्याला फूल येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं) आणि पहाटे दवाने तोंड धुतात. १९६७ मध्ये सोव्हिएत राजवटीत काही तरुणांनी हा सण पुन्हा जाहीरपणे साजरा करायचं ठरवलं तेव्हा जागा निवडली ती केर्नावेची. सरकारी यंत्रणेला ते अजिबात रुचलं नाही. त्या रात्री टेकडीवर गाणं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि म्हणून आजच्या शेकोट्यांना एक वेगळी ऊब आहे.

युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत कधी आलं?

२००४ मध्ये, लिथुएनिया युरोपीय संघात गेला त्याच वर्षी. संरक्षित क्षेत्र १९४.४ हेक्टर आहे.

कधी जावं आणि काय पाहावं?

मे ते सप्टेंबर उत्तम. जूनअखेर दिवस सतरा तासांचा असतो. जुलैच्या सुरुवातीला, ६ जुलैच्या मिंदाउगासच्या राज्याभिषेकदिनाच्या आसपास, 'जिवंत पुरातत्त्वाचे दिवस' भरतात. लोहार, कुंभार, विणकर जुन्या पद्धतीने काम करून दाखवतात. गावातलं संग्रहालय नव्या मांडणीसह २०१२ मध्ये उघडलं. ते आधी पाहा, मग टेकड्यांवर जा. उलट केलंत तर फक्त सुंदर गवत दिसेल. उत्खननाच्या आधारे उभारलेली मध्ययुगीन कारागिरांची घरंही पाहण्यासारखी आहेत.

गावाला रेल्वे नाही. विल्नियसहून बस किंवा भाड्याची गाडी. शेंगेन व्हिसा चालतो.

टेकड्यांवर लाकडी जिने कशाला? सरळ उतारावरून चढलं तर काय बिघडतं?

गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती एवढंच त्या उतारांचं कवच आहे. आत दगड नाही. हजारो पावलांनी एक पायवाट पडली की तिच्यातून पाणी वाहू लागतं, पाण्याने चर पडतो आणि पावसाळी शरद ऋतूत आख्खा कडा घसरतो. असे घसरलेले उतार सावरण्यासाठी इथे खूप कष्ट करावे लागले आहेत. म्हणून पायऱ्यांवरूनच चढा, मुलांनाही उतारावरून गडगडू देऊ नका. माथ्यावर पोचलात की थोडा वेळ नदीकडे तोंड करून बसा. समोर जे सपाट, रिकामं, गुरांचं वाटावं असं कुरण दिसतं, तेच ते शहर.